पॅनेलमागचा हात

मुजावर मॅडमनी खडू मागितला आणि पॅनेलच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, वाटीएवढा गोल काढला.

"पलीकडून ज्योत बरोबर इथं. आणि अलीकडून तुमचा हात बरोबर इथं. इंचभर पण हलवायचा नाही. चालेल ना दादा?"

"न चालायला काय झालं," मी म्हणालो.

मागं उभ्या असलेल्या लोकांत लिंबाजी होता, त्याला गप्प राहवत नसायचं. "मॅडम, हा रभाजी औटी आहे. तव्यावरची भाकर हातानं उलटतो. ह्याला कशाला विचारता?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. आमच्या कंपनीचे चांदोरकर साहेब तेवढे हसले नाहीत. ते ट्रकवरून उतरवलेल्या त्या पॅनेलकडं बघत होते.

सुपा एमआयडीसीत आमची कंपनी होती. नाव लिहीत नाही, कारण त्या नावाची कंपनी आता नाही. शेड तेच आहे, मिक्सर तोच आहे, पाटी बदलली. आम्ही भिंती बनवायचो. दोन बाजूंना सिमेंटचे पातळ बोर्ड आणि मधे सिमेंट आणि थर्माकोलच्या मण्यांचा गिलावा. वीट नको, वाळू नको. दोन माणसांनी असा पॅनेल उचलायचा, उभा करायचा, खाचेत खाच बसवायची, झाली भिंत. वजनाला हलकी आणि आगीला दाद न देणारी, असं आमच्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं. त्याखाली एक फोटो होता. पॅनेलवर टेकवलेला पंजा. तो माझा पंजा. मनगटापर्यंतच छापला होता.

गिऱ्हाईक आलं की अंगणात लोखंडी घोडीवर एक पॅनेल उभा करायचा. समोरून गॅसचा बर्नर दहा मिनिटं. मागून एका कामगारानं उघडा हात टेकवून उभं राहायचं. पुढचा बोर्ड लालभडक होतो, तडकतो, आणि मागचा माणूस विडी मागतो. हे बघितलं की इंजिनिअर असो नाहीतर शेठ, त्याचा विश्वास बसायचाच. चार वर्षं तो मागचा माणूस मी होतो. अख्खी कंपनी मला हातवाला म्हणायची. साहेब पाहुण्यांना माझ्यापर्यंत घेऊन यायचे, "हे आमचे औटी," असं म्हणायचे. मिक्सरवरच्या माणसाला अहोजाहो करणारा साहेब तुम्ही कुठं बघितलाय?

त्यात शौर्य काही नव्हतं. अंगणातला पॅनेल वेगळा असायचा. मिक्सर माझ्याच हाताखाली, त्यामुळं मला पक्कं ठाऊक. अंगणातल्या पॅनेलच्या घाण्यात, म्हणजे मिक्सरच्या एका खेपेत, सिमेंटच्या आठ गोण्या. विकायच्या पॅनेलच्या घाण्यात तीन. बाकी राख आणि थर्माकोल. बाहेरून दोन्ही सारखेच पांढरे. आठ गोण्यांचे पाच-सहा पॅनेल शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वेगळे ठेवलेले असायचे. आम्ही त्यांना पाहुण्यांचे पॅनेल म्हणायचो. सरकारी प्रयोगशाळेचा दाखलाही पाहुण्यांच्या पॅनेलचाच. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट तीन गोण्यांचा पॅनेल उचलायला हलका, लोडिंगची माणसं खूश.

त्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना गेटजवळ उभं केलं होतं.

"नर्सिंग कॉलेजचं होस्टेल आहे. जुनी दोन मजली इमारत, वर तिसरा मजला चढवायचाय. विटेचं वजन स्लॅबला पेलणार नाही, म्हणून ते आपल्याकडं आलेत. अठरा खोल्या. ही ऑर्डर मिळाली की मागोमाग कॉलेजचीही. मग बारा जण परमनंट. यादी नाथाकडं आहे. नाही मिळाली, तर पहिल्या तारखेपासून अर्ध्या लोकांनी यायचं नाही. आधीच सांगून ठेवतो, नंतर रडू नका."

नाथा पठारे आमचा सुपरवायझर. पन्नाशीचा, शिव्या दिल्याशिवाय पाणी पण न मागणारा. त्याच्या खिशातल्या यादीत माझं नाव सातवं होतं. त्याचं स्वतःचं अकरावं. सुपरवायझर होता, पण तोही ठेकेदाराचाच माणूस.

मॅडम अकराला आल्या. रेहाना मुजावर. पंचविशी उलटली असेल-नसेल. स्कूटीवरून, डोक्यावर स्वतःचं पिवळं हेल्मेट, साइटवरचं. आमच्या अंगणात ते कोणी घालत नसे. कॉलेजच्या ट्रस्टनं कामावर नेमलेली इंजिनिअर आणि पहिलीच मोठी जबाबदारी, हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. अशा गोष्टी लोक लपवतात. बाईंना लपवता येत नव्हतं.

चहा झाला. घोडीवर पाहुण्यांचा पॅनेल उभाच होता. मी बाह्या सारल्या.

"हा नको," मॅडम म्हणाल्या.

"का हो?" साहेब म्हणाले.

"हा तुम्ही ठेवलेला आहे. मी निवडते. तो ट्रक भरताय ना, कुठल्या साइटला चाललाय?"

"तळेगावला."

"त्यातला द्या. खालून चौथा."

लिंबाजी माझ्या कानाशी म्हणाला, "बोंबला."

साहेब हसले. "मॅडम, अख्खा ट्रक उतरवावा लागेल."

"उतरवू या की. मी थांबते. मला आज दुसरं काम नाही."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणून चालणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढंच. तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि पुढं चौकशीत तेच त्यांच्या कामी आलं.

ट्रक उतरवायला पाऊण तास लागला. खालून चौथा पॅनेल काढला, घोडीवर चढवला. मॅडमनी त्याची एक कड करवतीनं कापून घेतली. आत करड्या सिमेंटमधे पांढरे मणी. आठ गोण्यांतही असंच दिसतं, तीन गोण्यांतही असंच. त्यांनी तुकडा हातात तोलून बघितला.

"बराच हलका आहे."

"तोच तर आपला गुण," साहेब म्हणाले. "तुमच्या स्लॅबला दुसरं काय पाहिजे?"

नाथाभाऊ बर्नरची नळी जोडता जोडता माझ्याजवळ आला. "तीन गोण्यांचा आहे रे."

"माहीत आहे. मीच कालवलाय."

"मग?"

"मग काय? ठेवतो हात."

"दहा मिनिटं?"

"सात झाली की मॅडम कंटाळतील."

मॅडम कंटाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी गोल काढला, मोबाइलवर वेळ लावली, आणि नाथाभाऊनं बर्नर पेटवला.

पहिली तीन मिनिटं काहीच नाही. मी लिंबाजीला डोळा मारला. चौथ्याला कोमट झालं. पाचव्याला चहाच्या ग्लासासारखं. पलीकडं पुढचा बोर्ड तडकल्याचा आवाज आला, आणि वास सुटला. थर्माकोल जळाल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, नाकात गेला की जिभेवर बसतो.

"हा कसला वास?" मॅडमनी विचारलं.

"बोर्डाचा रंग जळतोय," साहेब म्हणाले.

मॅडम फिरून माझ्या बाजूला आल्या. मधे कोणी नाही, हातभर अंतरावर त्या आणि मी.

"गरम लागतंय का?"

"कोमट आहे."

"खरं सांगा हं दादा. मला ह्यातलं पुस्तकातलं कळतं, हातातलं तुम्हाला कळतं. तिथं मुली राहणार आहेत. नाइट ड्यूटी करून येतात आणि दिवसा मेल्यासारख्या झोपतात. गरम लागत असेल तर आत्ता सांगा. तुमचं नाव कुठं येऊ देणार नाही."

"कोमट आहे मॅडम. तुमच्या चहापेक्षा कमी."

मागं कोणीतरी हसलं. सहावं मिनिट चालू होतं.

भाजतं तेव्हा आधी माणूस हात काढतो आणि मग त्याला कळतं की भाजलं. मला ते उलटं करायचं होतं. मी गावाकडच्या विहिरीच्या पायऱ्या मोजायला लागलो. बेचाळीस पायऱ्या. उतरायच्या, चढायच्या. तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. मॅडम माझ्याकडं टक लावून बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघून हसत होतो. घाम आला होता, पण एप्रिलची दुपार, घाम सगळ्यांनाच आला होता.

सातव्या मिनिटाला मॅडम पुढच्या बाजूला ज्योत बघायला गेल्या. नाथाभाऊ लिंबाजीच्या हातात बर्नर देऊन माझ्याकडं आला, घोडी नीट आहे का बघतोय असं दाखवत खाली वाकला.

"काढ," तो म्हणाला.

मी मान हलवली. नाही.

"रभ्या, कातडं जळाल्याचा वास येतोय. काढ हात. ऑर्डर गेली खड्ड्यात."

"यादी?"

"यादीत मी पण आहे ना भाड्या? मी सांगतोय तुला. गेली तर गेली. काढ."

मी काढला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, मग उठून गेला. मॅडम परत आल्या.

आठवं. नववं. नवव्याला दुखायचं थांबलं. का थांबलं ते मला तेव्हा कळलं नाही, पुढं डॉक्टरनं सांगितलं, आतल्या नसाच जळाल्या होत्या. मला वाटलं, जिंकलो.

दहा झाली. "बंद!" मॅडम म्हणाल्या. नाथाभाऊनं पाण्याची बादली पॅनेलवर उपडी केली, माझ्या हातासकट. बर्नर बंद झाला की पाणी मारायचं, हा आमचा नियमच होता. पाहुण्यांना सेफ्टी म्हणून सांगायचो. त्यानंतर कोणी हात लावून बघितलं तरी ओला बोर्ड काय सांगणार?

मॅडमनी लावलाच. "गारच आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "हात दाखवा."

मी पंजा उघडला. मिक्सरवरच्या माणसाचा पंजा तुम्ही बघितला नसेल. सिमेंट बसून बसून त्यावर दुसरं कातडं चढलेलं असतं, करडं, भेगाळलेलं, वर ओलं झालं की चिखलासारखं. त्याच्याखाली काय झालं होतं ते लगेच वर दिसलं नाही. मॅडमनी बोटानं मधोमध दाबलं.

"दुखतंय?"

"नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "माफ करा दादा. उगाच संशय घेतला तुमच्यावर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिंबाजीनं शिट्टी मारली. मॅडमनी स्कूटीच्या डिकीवर कागद ठेवून तिथंच सही केली. पॅनेल स्वतः निवडला, चाचणी स्वतः पाहिली, समाधानकारक. तारीख, वेळ, सगळं लिहिलं. नेटकं अक्षर होतं.

शेडच्या मागं जाऊन मी नळाखाली हात धरला तेव्हा तळव्याचं कातडं हातमोज्यासारखं सुटून आलं. नाथाभाऊ मागं उभा होता. त्यानं शिवी दिली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही बारा जण परमनंट झालो.

होस्टेलचा तिसरा मजला दिवाळीच्या आत उभा राहिला. आमच्याच पॅनेलचा. आमच्याच म्हणजे तीन गोण्यांचा, मी कालवलेला. दीड वर्ष तिथं पोरी राहिल्या. मग एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला पाणी तापवायच्या कॉइलची वायर जळाली. एका खोलीत. विटेची भिंत असती तर एक गादी जळाली असती आणि पोरींना बोलणी बसली असती. ह्या भिंतींनी वाट दिली. आतला थर्माकोल वितळला, बोर्ड पोकळ झाले, धूर खाचेखाचेतून पुढच्या खोलीत, तिथून पुढच्या. नाइट ड्यूटी करून आलेल्या तिघी झोपलेल्या होत्या. मोनाली ठुबे, सुजाता साळवे, अश्विनी बर्डे. एकोणीस, वीस, एकोणीस. अश्विनी दारापर्यंत आली होती.

मी मिक्सरवर होतो. लिंबाजीनं मोबाइल दाखवला. त्यात भिंत पुठ्ठ्यासारखी दुमडताना दिसत होती. आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. घाणा चालू होता, मी त्यात गोणी सोडली. तिसरी. शेवटची.

आरोपपत्रात चांदोरकर साहेबांचं नाव आलं नाही. त्यांच्याकडं प्रयोगशाळेचा दाखला होता. त्यांच्याकडं मॅडमचा कागद होता. पॅनेल कंपनीनं दिलेला नाही, इंजिनिअरनं स्वतः ट्रकमधून निवडलेला. चाचणी तिनं घेतली, सही तिची. ताडपत्रीखालचा पॅनेल बघून गपचूप सही करून गेली असती तर बाई सुटली असती. सांगता आलं असतं, मला फसवलं. नीट काम केलं म्हणून अडकली.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. कंपनीनं पोलिसांना साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. कंपनीच्या वकिलानं साहेबांच्या केबिनमधे बसवून पढवलं. "एवढंच सांगायचं. हात ठेवला होता, दहा मिनिटं, काही झालं नाही." मी हो म्हणालो.

पिंजऱ्यात उभा राहिलो आणि दुसरंच बोललो. ठरवून बोललो असं नाही. मॅडम समोर बसल्या होत्या, केस पांढरे झालेले, वय बत्तीस. मी सगळं सांगितलं. आठ गोण्या, तीन गोण्या, ताडपत्री, बादली. जज्जसाहेबांना पंजा दाखवला, मधला गुळगुळीत भाग, जिथं रेषा उरलेल्या नाहीत.

सरकारी वकील बिचकला नाही. "सिमेंटमधे काम करणाऱ्यांचे हात असेच असतात ना?"

"असे नसतात."

"त्या दिवशी तुम्ही मॅडमना कोमट म्हणालात. आज म्हणताय हात भाजला. खोटं त्या दिवशी बोललात की आज?"

"त्या दिवशी."

"एवढं भाजत होतं तर हात का काढला नाही?"

"नोकरीसाठी."

तेही त्यांनी लिहून घेतलं. पिंजऱ्यात मी बोललेली तेवढी एक गोष्ट खोटी. नोकरीचं ओझं नाथाभाऊनं सातव्या मिनिटालाच माझ्यावरून उतरवलं होतं. तोंडानं सांगितलं होतं, काढ. मी हात काढला नाही, कारण पंचवीस माणसं बघत होती आणि मी हातवाला होतो. त्या तिघी पोरी माझ्या पोटासाठी गेल्या नाहीत. माझ्या टाळ्यांसाठी गेल्या. पोटासाठी म्हटलं की लोक माफ करतात, म्हणून मी पोट पुढं केलं.

मधली सुट्टी झाली. बाहेरच्या व्हरांड्यात मॅडम बाकावर बसल्या होत्या, मांडीवर डबा, उघडलेला नव्हता. मी जवळ गेलो. मला वाटत होतं त्या काहीतरी चांगलं बोलतील. खोटं कशाला सांगू, वाटत होतं. कंपनीची नोकरी लाथाडून खरं बोललो होतो.

"बसा दादा," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"दाखवा हात."

मी दाखवला. त्यांनी पूर्वी दाबलं होतं तिथंच बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"किती वेळ लागला भरायला?"

"अडीच महिने."

"आणि सुट्टी?"

"काढली नाही. डाव्या हातानं काम केलं."

त्यांनी मान हलवली. समोरच्या बाकावर अश्विनी बर्डेचा बाप बसला होता, दर तारखेला यायचा म्हणे, कोणाशी बोलायचा नाही.

"मॅडम, मी आज सगळं खरं सांगितलं."

"ऐकलं मी."

"त्यानं तुम्हाला काही..."

"माहीत नाही. वकील म्हणतात, फरक पडणार नाही. फिरलेला साक्षीदार म्हणतील तुम्हाला." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "मी रोज काय विचार करते सांगू? मी तुम्हाला खरं सांगा म्हटलं, तेच चुकलं. खरं सांगायचं म्हणजे केवढं काम असतं. मोठं धाडस लागतं. मी तेवढं मागायला नको होतं."

मी पंजा मिटला.

"नुसतं आई गं म्हणाला असतात ना दादा, तरी पुरलं असतं मला. भाजल्यावर म्हणतात ना माणसं? तेवढंच. बाकीचं मी समजून घेतलं असतं."

आतून शिपाई आला आणि पुकारा करायला लागला. मॅडम उठल्या, ओढणी नीट केली. त्यांचं नाव त्यानं आरोपींत पुकारलं.

माझं साक्षीदारांत होतं. मला म्हणाला, तुमचं झालं, तुम्ही घरी जाऊ शकता.